टोपली एकच

मोगऱ्याचा वास आला की मला पंचवीस वर्षांपूर्वीची बँकेची थंडगार मशीनरूम आठवते. मी निर्मळ गावचा, घरातला पहिला पदवीधर, नोकरीत अजून कायम न झालेला. मेनफ्रेमला, म्हणजे बँकेच्या मोठ्या संगणकाला, दुसरा प्रोसेसर जोडला तर किती काम वाढेल, याचा अंदाज साहेबांनी मला विचारला होता. मी पावणेदोन पट सांगितलं. साहेब म्हणाले, "एकाचे दोन झाले, मग दुप्पट का नाही रे?" मी म्हटलं, "साहेब, आमच्याकडे आई ओटीवर गजरे ओवते. काकी मदतीला बसली तरी फुलांची टोपली एकच. दोघींचे हात एकदम आत गेले की एकीला थांबावं लागतं." "चुकलास तर तूही तिथेच ओवायला बस," ते म्हणाले. जोडायचा म्हणजे नुसता चालू करायचा; दुसरा प्रोसेसर मशीनमध्ये आधीपासूनच होता, फक्त झोपलेला. मशीन कंपनीच्या इंजिनियरने कमांड दिली आणि चालू काम क्षणभरही न थांबता तो जागा झाला. पडद्यावरचा कामाचा आकडा चढत चढत पावणेदोन पटीच्या आसपास स्थिरावला. आमच्या ओटीवरची गोष्ट त्या कपाटाएवढ्या यंत्रालाही लागू होती: प्रोसेसर दोन, पण मेमरी एकच. साहेब म्हणाले, "काकींना नमस्कार सांग." आता असे अंदाज माझ्यासमोर येतात, तेव्हा मी आधी विचारतो, टोपल्या किती?