आधी एक उत्तर

जिल्हा कचेरीच्या संगणक कक्षात मी रुजू झाले, त्या दिवशी शेंडेसरांनी माझं नाव विचारलं नाही. काचेच्या दाराबाहेर चपला काढून मी आत गेले, तर समोर खुर्चीवर पाय वर घेऊन, गळ्याला मफलर गुंडाळून एक माणूस बसलेला. बाहेर गडचिरोलीचं मे महिन्याचं ऊन, आणि हा मफलरात. पडद्यावरची नजर न काढता ते म्हणाले, "बाई, तुम्ही विचारणाऱ्यातल्या की सांगणाऱ्यातल्या?"

"मी टायपिस्ट आहे," मी म्हटलं.

"मंग दोन्ही जमन तुम्हाले," ते म्हणाले आणि पुन्हा टाइप करायला लागले.

खरं सांगायचं तर मी तिथे एसीसाठी गेले होते. मशीनसाठी का होईना, साहेबांच्या खोलीखेरीज गारवा असलेली इमारतीतली ती एकच खोली. माझं वय चाळिशीच्या पुढचं, नवरा शाळेत शिक्षक, घरी दोन मुलं आणि सासूबाई. दिवसभर टाइप करून संध्याकाळी घरी जाऊन पुन्हा उभं राहायचं, तर निदान दिवसभर घाम तरी गळू नये, एवढाच हिशेब. शेंडेसरांना मात्र एसी सोसायचा नाही. त्यांचं घर नागभीडकडच्या एका खेड्यात, बायको आणि दोन मुली शिक्षणासाठी नागपुरात, आणि स्वतः इथे भाड्याची खोली आणि खानावळ. गडचिरोलीला बदली झालेला प्रत्येक माणूस पहिल्या दिवसापासून परतीचा अर्ज खिशात ठेवतो. सरांचाही होता. दर वर्षी नवा.

आमच्या छतावर एक मोठी तबकडी होती. शिपाई गेडामभाऊ तिला टोपलं म्हणत. जिल्ह्याचे आकडे त्या टोपल्यातून उपग्रहामार्फत दिल्लीला जायचे. ते गेल्यावर थोडा वेळ उरायचा, आणि त्या वेळात सरांचा खरा दिवस सुरू व्हायचा. देशभरच्या जिल्ह्यांत आमच्यासारख्याच खोल्या होत्या आणि प्रत्येकीत एखादा माणूस कोबॉलशी झगडत होता. कोबॉल म्हणजे मशीनला काम सांगायची भाषा. सगळ्यांनी ती घाईघाईच्या प्रशिक्षणात शिकलेली, अडलं तर विचारायला जवळ कुणी नाही. म्हणून या लोकांनी निरोपांची एक सामायिक पेटी ठरवली होती. अडलेल्याने तिच्यात प्रश्न टाकायचा, ज्याला येईल त्याने उत्तर टाकायचं. सगळं इंग्रजीत, मोठ्या अक्षरांत.

तिथे कुणी कुणाला पाहिलेलं नव्हतं. सर त्यांना जिल्ह्याच्या नावानेच ओळखत. सकाळी आले की म्हणत, "बाडमेर आज गप्प हाय. कोरापुटचं लग्न जमलं वाटते, प्रश्न कमी झाले त्याचे." गेडामभाऊ मला हळूच म्हणाले होते, "बाई, सर नकाशासंग बोलते."

त्या पेटीचा एक नियम होता आणि तो सरांनी घातलेला. स्वतःचा प्रश्न किंवा निरोप टाकायचा असेल तर आधी कुणाच्या तरी जुन्या प्रश्नाचं उत्तर टाकायचं. मी कारण विचारलं तेव्हा म्हणाले, "पंगतीत जेवाले बसलं त एखाद्या पंगतीले वाढाले उठा लागते का नाई? सगळेच बसून राह्यले त वाढन कोण?"

पहिल्या वर्षी लोकांनी नियम पाळला म्हणे. मग नवे जिल्हे जोडले गेले, माणसं वाढली आणि सगळे जेवायलाच बसले. प्रश्न तेवढे येत राहिले. सर ते प्रिंटरवर काढून, फाडून भिंतीवरच्या तारेत टोचून ठेवत आणि एकेक सोडवत. सोडवला की कागद काढायचा. एक निघाला की तीन टोचले जात. मी एकदा म्हटलं, "सर, नियम तुमचाच आहे. जो पाळत नाही त्याला उत्तर देऊ नका."

"म्हणाले सोपं हाय बाई. त्याचा सायेब त्याच्या डोक्यावर उभा असन. तो काय नियम पाहीन?" मग मान चोळत म्हणाले, "थकलो बा." हे ते दिवसातून अनेकदा म्हणत आणि म्हणून झालं की पुढचा कागद ओढत.

कधी कधी छतावर वानरांची टोळी यायची आणि एखादं सरळ तबकडीत जाऊन बसायचं. लिंक बंद. गेडामभाऊ काठी घेऊन वर जायचे आणि खाली सर ताटकळत. लिंक आली की सर पेटीत टाकायचे, "उशीर झाला, वानर बसलं होतं." बाकीच्यांना ते इतकं आवडलं की जो तो लिंक गेली की वानर बसलं म्हणायला लागला. बाडमेरच्या माणसाने तर एकदा लिहिलं, की आमच्या वाळवंटात वानर नाही, पण आज दिवसभर वाळूचं वानर बसलं होतं. सर ते वाचून एवढे हसले की मफलर सुटला.

माझी आणि कोबॉलची खरी ओळख एका यादीमुळे झाली. निराधार वृद्धांची यादी काढायची होती. दुसऱ्या एका जिल्ह्याने पेटीतून तयार प्रोग्रॅम पाठवला होता. निरोपातून आलेल्या प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला पाठवणाऱ्या जिल्ह्याचं नाव चिकटून यायचं. मी ती नावं नीट पुसली, आमच्या गावांची नावं घातली आणि यादी छापली. गेडामभाऊ ती साहेबांकडे नेता नेता दारातच थांबले.

"बाई, हे बुढी कोन म्हणायची? सुनंदा. हे त माह्या भावाची पोट्टी हाय."

"एका नावाच्या दोघी असतील."

"बापाचं नाव हाय ना समोर. वय बी लिहिलं हाय, तीन. पेन्शन भेटली त बरंच हाय, पण सही कशी करन ते?"

यादीत अख्खं गाव आलं होतं. मशीनने चूक दाखवली नव्हती. सर ओरडले नाहीत. त्यांनी माझा कागद पुढ्यात घेतला आणि पेन्सिलीच्या टोकाने एका ओळीतली अक्षरं मोजत गेले. कोबॉलच्या ओळीत बहात्तर घरं असतात, चौकटीच्या वहीत असतात तशी. त्यापुढे लिहिलेलं मशीन वाचत नाही आणि वाचलं नाही असं सांगतही नाही. मी जिल्ह्याचं नाव पुसलं होतं, पण त्याची रिकामी जागा तशीच ठेवली होती. त्यामुळे ओळी उजवीकडे सरकल्या होत्या आणि ‘वय साठच्या वर’ ही अट बहात्तराच्या पलीकडे गेली होती.

"तिकडे हे बहिरी हाय बाई," सर म्हणाले. "आपण बोलून राह्यलो, अन् हिले वाटते आपलं बोलणं झालं."

मग त्यांनी शिवणाचा काळा दोरा मागवला आणि माझ्या पडद्यावर उजवीकडे, बहात्तराव्या घराच्या रेषेवर वरपासून खालपर्यंत चिकटवून दिला. त्यांच्या पडद्यावर तो आधीपासून होता. मला वाटलं होतं काचेला तडा गेलाय.

त्यानंतर मला थोडंफार जमायला लागलं. सरांच्या ते लक्षात आलं, आणि त्यांच्या मनात काय आहे ते माझ्या लक्षात आलं.

पुढच्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर त्यांच्या बदलीचा हुकूम आला. नागपूर. गेडामभाऊंनी पेढे आणले. सरांनी एक पेढा तोंडात टाकला आणि तारेकडे बघत बसले. तार तोवर वाकली होती.

"बाई, हे तुम्ही पाहान का?"

"नाही," मी म्हटलं. "सर, मी पाच वाजता निघते. वाटेत दळण घेते. घरी सासूबाईंचं पथ्य, मुलांचा अभ्यास. देशभरच्या लोकांचं मला झेपायचं नाही."

"बराबर हाय," ते म्हणाले. "मीनं बी असंच म्हणाले पायजे होतं."

त्यांना राग आला नव्हता. मलाही वाईट वाटलं नाही. जे झेपणार नाही ते आधी सांगितलेलं बरं. सरांनी मग पेटीत विचारलं, मी जातोय, माझ्यामागे हे कोण बघेल? त्या आठवड्यात पेटीत भरपूर प्रश्न आले. त्या प्रश्नाला उत्तर आलं नाही.

बदली झाली तरी सुटका होत नव्हती. जागेवर दुसरा माणूस आल्याशिवाय सोडायचं नाही, असा आदेश. आणि गडचिरोलीला यायला कोण तयार होणार? नागपूरहून वहिनींचा फोन यायचा. खोली लहान, सरांचं बोलणं ऐकू यायचंच. "सामान बांधून ठेवलं हाय वं. सोडतीन तवा येईन ना." फोन ठेवून ते कागद ओढायचे. जाण्याआधी तार रिकामी करायची, एवढं एकच त्यांनी धरलं होतं. दुपारचा डबाही ते पडद्यासमोरच खात. मी म्हणायचे, सर, दोन घास तरी बाहेर बसून खा. तर म्हणत, "बाहेर बसलो त निजन मी."

सप्टेंबरात त्यांना ताप आला. आमच्याकडे तापाचं कुणाला नवल नाही. गोळ्या घ्यायच्या, दोन दिवस पडायचं आणि कामाला लागायचं. सरांनी गोळ्या घेतल्या, पण पडले नाहीत. एका दुपारी त्यांनी मला विचारलं, "बाडमेर आलं का?" मी म्हटलं, "हो, आत्ताच वाचून दाखवलं तुम्हाला." त्यांना आठवेना. गेडामभाऊंनी आणि मी त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. ताप डोक्यात गेला होता. डॉक्टरांनी शक्य ते केलं. वहिनी नागपूरहून पोचल्या तेव्हा ते कुणाला ओळखत नव्हते, आणि दुसऱ्या दिवशी गेले.

कार्यालय एक दिवस बंद राहिलं. उघडलं तेव्हा पेटीत निरोप साचले होते. शेंडे सर, हे कसं करायचं? शेंडे सर, ते का चालत नाही? एकाने चिडून लिहिलं होतं, शेंडे सर, तीन दिवस झाले, उत्तर का नाही?

कळवणं भाग होतं. मी दोन ओळींचा मजकूर टाइप केला. पाठवायची कळ दाबणार, तेवढ्यात थांबले. मी त्या पेटीत आजवर एकही निरोप टाकला नव्हता. नियमाप्रमाणे मला अजून तिथे बोलता येत नव्हतं. तुम्ही म्हणाल, अशा वेळी नियम कसला? पण त्या माणसाची त्या जगात एवढी एकच वस्तू होती आणि ती इतर सगळ्यांनी मोडून झाली होती. माझ्या हातून, तेही त्यांच्याच मरणाच्या निरोपाने मोडायची, हे मला पटेना.

मी उठून तार चाळायला लागले. बहुतेक प्रश्न माझ्या डोक्यावरून जाणारे. दुपार झाली तेव्हा कोरापुटचा एक कागद हाती आला. शाळेतल्या मुलांची यादी काढतोय, पण तीत हेडमास्तरही विद्यार्थी म्हणून येतात; मशीन चूक दाखवत नाही. खाली त्याने प्रोग्रॅमच्या ओळी दिल्या होत्या; मी पेन्सिल घेतली आणि त्यांतली अक्षरं मोजली. मग लिहिलं: ‘निरोपातलं जिल्ह्याचं नाव पुसताना त्याची रिकामी जागाही काढा. तुमची अट बहात्तर घरांच्या पलीकडे गेली आहे. पडद्यावर तिथे काळा दोरा चिकटवा.’ त्याखाली लिहिलं: ‘शेंडे सर परवा वारले. तापाने. मी त्यांच्या खोलीतली टायपिस्ट.’

संध्याकाळपर्यंत काही आलं नाही. दुसऱ्या दिवशी लिंक आली तशी प्रिंटर सुरू झाला आणि थांबेचना. कोरापुटने लिहिलं होतं, दोरा लावला. पण त्याच्या आधी त्याने दुसऱ्या कुणाच्या तरी जुन्या प्रश्नाचं उत्तर टाकलं होतं. मग एकामागून एक तसेच निरोप. वर उत्तर, खाली सरांसाठी एक ओळ. कुणाला सांगावं लागलं नाही. बाडमेरने तर वर्षभर तारेत अडकलेला छपाईचा एक किचकट प्रश्न सोडवला होता आणि खाली एवढंच लिहिलं होतं, ‘आज इथे वानर बसलं आहे.’

लिंक त्या दिवशी अगदी व्यवस्थित होती.

मी आणि गेडामभाऊ उत्तर आलेले कागद तारेतून काढत गेलो. आठवडा संपायच्या आत तार रिकामी झाली. इतके दिवस त्यांना एकट्याला उपसायला लागलं ते.

पुढच्या सोमवारी वहिनी सरांचं सामान न्यायला आल्या. मफलर, चष्म्याचं घर, डबा. खुर्चीवर टेकल्या आणि म्हणाल्या, "इथी ह्यायले बोलाले तरी कोन होतं बाई? खोली अन् ऑफिस, ऑफिस अन् खोली." मी त्यांच्या पुढ्यात निरोपांची ती लांबलचक पट्टी ठेवली आणि मराठीत सांगत गेले. हा बाडमेर. हा कोरापुट. ही बाई डोंगरातली. त्या ऐकत होत्या.

"एवढे लोक. भेटले होते का ह्यायले?"

"कुणीच नाही."

"मंग मले काऊन नाई सांगतलं कधी?"

मी चष्म्याचं घर त्यांच्याकडे सरकवलं. त्यांनी पट्टीची घडी घातली आणि डब्यासोबत पिशवीत ठेवली. गेडामभाऊ त्यांना बसपर्यंत सोडायला गेले.

मी आवरायला घेतलं. पाच वाजायला आले होते आणि गिरणीत दळण पडलं होतं. पडद्यावर एक निरोप आला. नव्याने जोडलेला कुठला तरी जिल्हा. नमस्कार नाही, काही नाही, सरळ प्रश्न. मी पिशवी खाली ठेवली. त्याला लिहिलं, ‘आधी एक उत्तर.’ आणि त्याचा प्रश्न प्रिंटरवर काढून, कागद फाडून तारेत टोचला.