श्वासाची जागा

इथे परदेशात, पेनरोजच्या गोदामात माझ्या शेजारी पॅकिंग करणारा युक्रेनियन पूर्वी पाद्री होण्यासाठी सेमिनरीत शिकत होता. तिथे सकाळी कॉयरमध्ये समूहगान, दुपारी फुटबॉल. दोन्हींचा नियम तो एकच सांगतो, "सगळ्यांनी एकदम दम घ्यायचा नाही. एक थांबला की शेजारच्याने सांभाळायचं." मला धाप लागली की माझी खोकी तो न बोलता उचलतो.

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत सुपरवायझर त्याला म्हणाला, "कम ऑन मेट, एखादं रशियन गाणं होऊन जाऊ दे!" मलाही हा माणूस 'इंडियन' बोलून दाखवायला सांगतो. माझं डोकंच फिरलं.

"युक्रेनियन," एवढंच म्हणून तो उभा राहिला आणि प्रार्थना गाऊ लागला. मध्येच श्वासासाठी थांबला, तो थांबलाच.

सुपरवायझर हसला. "शब्द विसरलास?"

"नाही. या ओळीवर मी दम घ्यायचो, तेव्हा शेजारी आमचा गोलकीपर गात राहायचा. तो युद्धात मारला गेला."

सुपरवायझरने घड्याळावर बोट ठेवलं. "स्वीट अ‍ॅज, ठीक आहे. चला, कामाला लागा!"

सगळे निमूट उठले. मी उठलो नाही.

"गाणं संपलेलं नाही," मी ओरडलो. त्याचा श्वास परत येईपर्यंत कोणीतरी आवाज धरून ठेवायला हवा होता.