चवीनं खाणारा माणूस

आमच्या घरात माझ्या खाण्याच्या दोन गोष्टी नेहमी सांगितल्या जातात. सांगणारा बहुतेक वेळा मीच असतो, म्हणून त्या दर वेळी थोड्या वाढतात. पहिली गोष्ट बायको पाहायला गेलो तेव्हाची. समोर आलेला आलुबोंडा मी अख्खा तोंडात टाकला आणि नेमकं तेव्हाच सासऱ्यांनी विचारलं, "नोकरी पर्मनंट हाये ना?" बोलायची सोय नव्हती. मी जोरात मान हलवली. नोकरी पर्मनंट व्हायला पुढं चार वर्षं लागली. लग्न त्या बोंड्यावर झालं. दुसरी मेडशीच्या थांब्यावरची. कंडक्टरनं घंटी वाजवल्यापासून एसटी हलेपर्यंत मी मिरचीभज्यांची प्लेट संपवली होती. त्या दिवशी एसटी चालूच होत नव्हती, हे मी सांगत नाही.

मी शाळेत कारकून. मस्टर, दाखले, शिक्के. दिवसभरात आपल्यावर कुणी खूश होईल असं या कामात काही नसतं. त्यामुळं संध्याकाळ तेवढी माझी असायची. मालेगावच्या शाळेतून एसटीनं येऊन आमच्या मेडशीला उतरायचं, थांब्यासमोरच्या हॉटेलात कढईतून निघालेली भजी कागदावर घ्यायची, वर अर्धा कप चहा, मग शेजारच्या पानठेल्यावर खर्रा. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या पन्नीत घालून ठेलेवाला फळीवर खसाखसा घोटतो. त्या आवाजानंच निम्मा थकवा जायचा. पन्नी एकट्यानं खायची नसते, आधी समोरच्यापुढं उघडी करून धरायची. नको म्हणणारा माणूस आखडू ठरतो. मी कधीच आखडू नव्हतो. घरी गेलं की ज्वारीची गरम भाकर आणि बायकोनं तव्यावरच तांब्याच्या बुडानं रगडलेला मिरचीचा ठेचा, त्यावर कच्च्या तेलाची धार. एवढ्याशा गोष्टींवर माझं बरं चाललं होतं.

अडीचेक वर्षांपूर्वी ठेचा झोंबायला लागला. तिखट लागणं वेगळं आणि झोंबणं वेगळं. गालाच्या आतून कुणी काडेपेटी ओढल्यासारखं व्हायचं.

"यंदाची मिरची जहाल निंगाली," मी म्हणालो.

"आपल्याच वावरातली हाये. पोरगी खाऊन राह्यली ना," बायको म्हणाली.

पुढच्या वर्षीची मिरचीही जहाल निघाली. मग वरणाची फोडणी जहाल झाली. मग मी तिच्यावर ओरडलो, की हात आवरत जा, घरात माणसं जेवतात. तिनं हात आवरला. हळूहळू घरातलं सगळंच जेवण दवाखान्यातल्यासारखं झालं. ताटातला ठेचा कधी गेला, ते माझ्या ध्यानातही आलं नाही.

आणि एके संध्याकाळी भजं तोंडात जाईना. मला वाटलं हॉटेलवाल्यानं मिरच्या मोठ्या घेतल्या. मी भजं मोडून खाल्लं. मग मोडूनच खाऊ लागलो. भाकरीचे तुकडे लहान झाले, जेवायला पाऊण तास लागू लागला. यात लोकांना माझं कौतुक वाटलं. रिसोडची बहीण आली तेव्हा म्हणाली, "दादा, तू तं आता कसा निवांत जेवतं! पयले तं गोठ्यात ढोर घुसल्यावानी खाये." मीही मग तो मान घेतला. भाच्यांना समोर बसवून घास कसा चावावा, जिभेवर कसा फिरवावा, गडबडीनं खाणाऱ्याला अन्नाची चव कशी कळत नाही, असं सांगू लागलो. पोरं गंभीरपणे ऐकत. आमच्या घराण्यात चवीनं खाणारा माणूस म्हणून माझं नाव झालं. तोंड उघडत नाही असा माणूस म्हणून व्हायला पाहिजे होतं.

मला काहीच कळत नव्हतं असं मात्र नाही. आमच्या पानठेल्याच्या बाकावर एक निवृत्त गुरुजी बसायचे. त्यांचा अर्धा जबडा नागपूरला काढला होता. खाली मोकळ्या झालेल्या जागेवर ते दुपट्टा बांधत. खाणं पिणं नळीनं; तरी ते रोज संध्याकाळी यायचे आणि फळीजवळच्या टोकाला बसायचे. का येतात, ते कुणी विचारलं नाही. ठेलेवाला पन्नी घोटायला लागला की ते डोळे मिटायचे.

मागच्या वर्षी ते गेले. स्मशानातून परतताना आम्ही आठ-दहा जण ओल्या पायांनी ठेल्यापाशी थांबलो. कोणीतरी म्हणालं, "गुरुजीच्या नावानं एक घोट." ठेलेवाल्यानं घोटला. पन्नी उघडून हातोहात फिरली. त्या क्षणी नको म्हणणं म्हणजे गुरुजींचा अपमान वाटला. मी घेतला. दोन बोटं तोंडात घालताना ती दातांना अडली, हे मला आजही आठवतं. मी ती तिरपी करून आत सारली.

दिवाळीच्या सुट्टीत पोरगी घरी आली. ती अकोल्याला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिला चादर घ्यायची म्हणून आम्ही तिघं वाशीमला गेलो आणि परतताना पाणीपुरीच्या गाडीवर थांबलो. पाणीपुरी ही मोडून खाता येत नाही. मी पुरी हातात धरली, जेवढं जमेल तेवढं तोंड केलं आणि ढकलली. ती दातांवर फुटली. हिरवं पाणी हनुवटीवरून सदऱ्यावर, सदऱ्यावरून खिशात गेलं. गाडीवाला हसला, शेजारच्या बाया हसल्या, मीही हसलो. "पुरी फुटकी होती," मी म्हणालो. पोरगी हसली नाही. बायकोही हसली नाही, पण तेव्हा मी पोरीकडंच पाहत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात दात घासत होतो. पोरगी समोर येऊन उभी राहिली.

"बाबा, आ करा."

"कायले?"

"करा ना."

मी केला. तिनं हात धुतला आणि बोटं एकावर एक उभी धरून माझ्या दातांमध्ये घालून पाहिली. "तीन जायले पाह्यजेत," ती म्हणाली. दोनसुद्धा धड जात नव्हती. तिनं बोटं काढली, पुन्हा हात धुतला, जरुरीपेक्षा जास्त वेळ धुतला. "किती दिवस झाले?"

"काय किती दिवस? मी चवीनं..."

"बाबा," ती म्हणाली, "मी तुमाले बाबा म्हणून नाही विचारून राह्यली."

अकोल्याच्या डॉक्टरांनी बॅटरी लावून पाहिलं. खर्रा किती, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, कधीमधी. पोरगी म्हणाली, रोज चार. गालाच्या आतली कातडी ताठ होऊन दोरीसारखी झाली आहे आणि उजवीकडं एक पांढरा डाग आहे, असं त्यांनी सांगितलं. डागाचा तुकडा कापून तपासायला पाठवला, तिथं दोन टाके घातले. तो डाग कॅन्सरचा आहे की नाही, हे आठ दिवसांनी कळणार होतं. तोवर घरी एक व्यायाम दिला. आइस्क्रीमच्या चपट्या लाकडी काड्या धुऊन, एकावर एक ठेवून दातांमध्ये धरायच्या, दहा मिनिटं, दिवसातून चार वेळा. जमेल तशी एकेक काडी वाढवायची. अठरापर्यंत गेलो तर भाकरीचा घास नीट जाईल.

आता एवढ्या काड्या आणायच्या कुठून? दुकानात नुसत्या मिळत असतील, पण आम्हाला ते सुचलं नाही. आम्ही आइसकांड्या आणल्या. पोरगी कॉलेजला परत गेली होती, माझ्या टाक्यांना थंडसुद्धा झोंबत होतं, म्हणून खाणारी बायको एकटीच उरली. जिनं लग्नानंतर रस्त्यावर उभं राहून कधी शेंगदाणा खाल्ला नाही, ती ऐन थंडीत कानाला स्कार्फ बांधून, दारात बसून, दिवसाला तीन-तीन आइसकांड्या खात होती. खोकत होती आणि खात होती. काड्या उकळून, सुपात घालून उन्हात ठेवायची, कुरड्या वाळत घालाव्या तशा. शेजारीण म्हणाली, "बाई, मजा हाये तुमची." बायको म्हणाली, "हो ना."

आणि त्या आठ दिवसांत मी काय केलं, ते सांगितलं नाही तर बाकी सगळं सांगण्यात अर्थ नाही. चौथ्या दिवशी शाळेतून येताना मी ठेल्यावर गेलो. उजव्या गालात टाके होते, म्हणून खर्रा डाव्या गालात धरला. उरलेली पन्नी सदऱ्याच्या खिशात ठेवली.

दुसऱ्या दिवशी जेवायला बसलो. बायकोनं ताट आणून ठेवलं. भात, फिकं वरण, कुस्करलेली भाकर. आणि ताटाच्या डाव्या अंगाला, जिथं पूर्वी ठेचा असायचा तिथं, माझी पन्नी. गाठ सोडून नीट उघडी करून ठेवलेली.

"हे काय?"

"खा," ती म्हणाली. "चवीनं खा."

"अगं, तो कोणीतरी आग्रह केला म्हणून, त्याचं काय झालं..."

"गोष्ट सांगू नका." ती समोर उभीच होती. "मी गुरुजीच्या घरी जात होती. त्यायच्या बायकोनं मले सांगतलं होतं, पयले तिखट बंद होते, मंग तोंड. तुमी मिरचीले नावं ठेवली ना, त्याच दिवशी मले समजलं."

"मंग बोलली काहून नाही?"

"बोलली असती तं तुमी ऐकलं असतं? वरून सगळ्यायले हसवलं असतं." तिचा आवाज चढला नाही. "दोन वर्षं झाली. तुमाले वास लागू नये म्हणून खिडकी उघडून, तुमचं जेवण झाल्यावर, ओट्यापाशी उभ्यानं ठेचा खाते मी. चोरासारखी. मले आवडते म्हणून. आणि तुमी इथं पोरायले घास चावाचं शिकवता."

ती आत गेली. घरातला माणूस दोन वर्षं रोज माझ्या पाठीमागं उभ्यानं जेवला आणि मला त्याचा वाससुद्धा आला नाही. पन्नी मी उचलून चुलीत टाकली. प्लॅस्टिक जळल्याचा वास मात्र रात्रीपर्यंत गेला नाही.

आठव्या दिवशी रिपोर्ट आला. आम्ही दोघं अकोल्याला गेलो. पोरगी तिकडूनच आली. डॉक्टर म्हणाले, "कॅन्सर नाही. अजून नाही." पण डाग बदलायला लागला होता. तो काढावा लागणार, मग दर तीन महिन्यांनी तपासणी, आणि तोंड पूर्वीसारखं उघडेल ही आशा सोडा. खर्रा सुटला तर जे आहे ते टिकेल.

"आणि नाही सुटला तं?" बायकोनं विचारलं.

डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. "हे त्यांना विचारा."

तिनं विचारलं नाही. बसमध्येही नाही. मेडशीला उतरलो तेव्हा ठेल्यावर नेहमीची मंडळी होती. एकानं लांबूनच पन्नी उघडून पुढं केली.

"नको," मी म्हणालो.

"अरे वा! आखडून राह्यले काय, साहेब?"

एरवी अशा वेळी माझ्याकडं एखादी गोष्ट तयार असते. त्या दिवशी नव्हती. बायको पिशवी घेऊन पुढं चालत होती, तिनं मागं वळून पाहिलं नाही, पण तिची चाल हळू झाली होती. मी तिच्या मागं गेलो. उद्याचं मला माहीत नव्हतं. आजही नको म्हणणं रोजच्या रोजच असतं.

घरी आल्यावर मी तिला म्हणालो, "ठेचा कर."

"तुमाले चालत नाही."

"तुह्यासाठी कर. आणि इथं बसून खा."

तिनं तवा ठेवला. मिरच्या तडतडल्या, ठसका उठला, मला खोकला आला आणि डोळ्यांत पाणी आलं. ती माझ्यासमोर ताट घेऊन बसली. माझी व्यायामाची वेळ झाली होती. मी अकरा काड्या एकावर एक ठेवून दातांमध्ये धरल्या. काड्या धरल्या की बोलता येत नाही आणि लाळ गळते, म्हणून मांडीवर रुमाल घेतला.

तिनं भाकरीचा मोठा तुकडा मोडला, ठेच्यात बुडवला, तोंड चांगलं उघडलं आणि घास घेतला. कसा झाला, असं मला विचारायचं होतं.

"मीठ जरा जास्त झालं," ती आपणहून म्हणाली, आणि दुसरा तुकडा मोडला.

मी घड्याळाकडं पाहिलं. तीन मिनिटं झाली होती. बारावी काडी सुपात होती. मी ती घालून पाहिली, गेली नाही.