जीप भरल्याशिवाय सुटत नाही

जव्हारच्या स्टँडवर एक जीप सुटते आणि दुसरी भरायची असते, तेवढ्या वेळात आम्ही ड्रायव्हर लोक बोलतो. दुसरं काम नसतं. इतकी वर्षं बोललो, की आता प्रवाशांपेक्षा किस्से जास्त झाले.

माझा नियम सगळ्यांना माहीत आहे. जीप भरल्याशिवाय मी सोडत नाही. आत साहेब बसलेला असो नाही तर मामलेदार.

*

मे महिन्यात मुंबईचं एक कुटुंब दाभोशाला धबधबा बघायला नेलं. कडा कोरडा. धबधबा बंद कोणी केला म्हणून साहेब माझ्यावरच रागावले. आमच्यातला तोंडाळ चंदर शेजारीच जीप लावून उभा होता. म्हणाला, "मालक गावाला गेलाय साहेब. जूनमध्ये येतो."

साहेबांनी मालकाचा फोन नंबर मागितला!

*

पुण्याचे एक पाहुणे फार घाईत होते. एक सीट बाकी होती, म्हणून मी चावी खिशात ठेवली. ते उतरले, चहाच्या टपरीवरून एका माणसाला हाताला धरून आणलं आणि बसवलं. मी जीप सोडली.

दाभोशाला कळलं, त्या माणसाला पोशेऱ्याला जायचं होतं. अगदी दुसरी वाट! मग बोलला का नाहीस, विचारलं.

"एवढं बोलावत होते, तर म्हटलं जाऊन येऊ."

*

एक म्हातारी कोंबडा घेऊन बसली. शेजारच्या पाहुण्या बाईंनी नाकाला रुमाल लावला आणि कोंबडा टपावर ठेवायला सांगितला. म्हातारी म्हणाली, "टपावर तुमची बॅग हाय. घाण करंल तो."

कोंबडा मोखाड्यापर्यंत आतच आला. उतरताना बाईंनी त्याचा फोटो काढला.

*

थंडीत पाहुणे डहाणूला न्यायला सांगतात. घाट उतरायचा, मग सपाटी, मग समुद्र. पहिल्यांदा जाऊन आलो तेव्हा घरी सांगितलं, पाण्यावर पीठ सांडावं तसे पांढरे पक्षी बसतात, जवळ गेलं की सगळे एकदम उठतात.

माझी बायको सोनी ऐकत राहिली. तरुणपणी ती त्याच सपाटीला वीटभट्टीवर होती. वाऱ्याला खारा वास यायचा, पण मालक काम सोडून जाऊ द्यायचा नाही. समुद्र हाकेवर असून तिने पाहिला नाही.

दर थंडीला विचारायची, औंदा नेणार का. पण डहाणूची जीप पाहुण्यांनीच भरायची. इकडे तिचे गुडघे दरवर्षी जास्त दुखायला लागले.

*

गेल्या थंडीत एका सकाळी ती भाकरी बांधून आली आणि पुढच्या सीटवर बसली. सुट्टीचा वार नव्हता. मी डहाणू, डहाणू ओरडलो. ऊन वर आलं, कोणी फिरकलं नाही. काकीसाठी तरी नियम मोड, चंदर म्हणाला. मी म्हटलं, नियम म्हणजे नियम.

सोनी उतरली. मला वाटलं, घरी चालली. तिने चंदरला हाताला धरलं आणि मागे बसवलं. मग बाकीच्या ड्रायव्हरांना. शेवटी टपरीवाल्याला.

चंदर म्हणाला, "काकी एवढं बोलावते, तर जाऊन येऊ."

जीप भरली. मी सोडली.

समुद्रावर पक्षी होते. सोनी वाळूत पाय पसरून बसली. बाकीचे पाण्यात जाऊन आले, खेकड्यांमागे धावून आले. उन्हं कलली तसे सगळे जीपमध्ये येऊन बसले. मी हॉर्न दिला. मग तिच्यापाशी जाऊन म्हटलं, चल, घाट उजेडात चढायचाय.

तिने पक्ष्यांवरची नजर काढली नाही.

"एक शीट बाकी हाय," ती म्हणाली. "भरल्याबिगर कशी सुटंल?"