टक्कल करून घालवलेला आठवडा

मालवणच्या समुद्रात माझ्या बोटीला लागेल असा खडक अजून जन्मायचा आहे. गणपती झाल्यावर मी तीच बोट भर दुपारी, लख्ख उन्हात, सरळ धक्क्याच्या पायरीवर घातली. उजव्या बाजूची पायरी मला दिसलीच नव्हती.

कणकवलीच्या डॉक्टरने डोक्याचे फोटो काढवले. म्हणाला, उजव्या डोळ्यामागे गाठ आहे, मुंबईला जा.

"डोळो काढूचो लागतलो काय?" मी विचारलं. तो मुंबईची चिठ्ठी लिहायला लागला. मी गप्प. माझी बायको सुलू सांगते, लग्नापासून मी गप्प झालो तो पहिल्यांदाच.

सकाळच्या एस्टीत बसलो. कंडक्टरने विचारलं, "खंय चल्लास?"

"मुंबयक. डोक्यात काय आसा ता बघूक."

"मगे बेगीन (लवकर) परत येतलास."

सगळी गाडी हसली. सुलू नाही हसली. तळेऱ्याला मी डावा डोळा झाकून बघितलं, तर चहाची टपरी अर्धीच. सुलूने दिलेला घावणा (तांदळाचं जाळीदार धिरडं) खारेपाटण मागे पडलं तरी तोंडातच होता.

मुंबईचं हॉस्पिटल मोठं, पण आमचं काम तळघरात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कापायचं नाही. चारी बाजूंनी बारीक किरण सोडायचे. सगळे जिथे मिळतात, तिथेच गाठ जळते."

मी म्हटलं, हे आम्हाला ठाऊक आहे. देवळाचा कळस आणि वाकडा माड एका रेषेत, तिकडून दीपस्तंभ आणि डोंगराची खाच एका रेषेत. दोन रेषा मिळतात तिथे जाळं टाकायचं.

"अगदी तसंच," बाई हसल्या. "फक्त तुमची बोट चार हात सरकली तरी चालतं. इथे गाठ आणि डोळ्याची शीर यांच्यात तांदळाच्या दाण्याएवढीही जागा नाही."

मग गरम पाण्यात मऊ केलेली प्लास्टिकची जाळी माझ्या तोंडावर दाबली. गार झाल्यावर माझ्या चेहऱ्याचा मुखवटा तयार. सोमवारपासून पाच आठवडे तो चढवून मला टेबलाला जखडणार होते.

रविवारी मी शहाणपणा केला. डोक्याचं काम म्हणजे केस काढणारच, त्यांना कशाला त्रास? न्हाव्याकडे जाऊन तुळतुळीत होऊन आलो. केस कसले, काथ्याची जुडीच होती.

सोमवारी मुखवटा बसवला. यंत्रावरच्या माणसाने कपाळाच्या वर, जाळीखाली बोट घातलं. आरामात गेलं; केसांची जागा रिकामी होती.

"हे कोणी सांगितलं होतं?" बाईंनी विचारलं.

"कोणी नाय. माझंच डोकं."

"हे डोकं आत हललं असतं, तर किरण शिरेवर पडले असते. गेलेला डोळा परत येत नाही."

पुन्हा मुखवटा, पुन्हा फोटो. आठवडा गेला. आम्ही उतरलो होतो त्या खोलीच्या खिडकीला पाच गज होते. रोज डावा डोळा झाकून मोजायचो. शनिवारी तीनच उरले.

शेवटी यंत्र सुरू झालं. माझ्याभोवती फिरलं, थांबलं. दुखलं नाही, भाजलं नाही. मी म्हटलं, "करा सुरू."

"झालं," तो माणूस म्हणाला. मला वाटलं होतं, वीज गेली असणार.

पाच आठवड्यांनी चौथा गज दिसायला लागला. बाई म्हणाल्या, गाठ थांबली, डोळा राहील. तेव्हा मात्र रडलो.

घरी आल्यावर शेजारी जमले. मी सांगितलं, माणसाने धीर धरावा. मी जराही हललो नाही, म्हणून डोळा वाचला.

सुलू बांगडे साफ करत होती. मान वर न करता म्हणाली, "तुमका टेबलाक बांधून ठेवल्यांनी म्हणान डोळो वाचलो. सुटे आसतास तर केसांसारखो तो पण घालवन इले आसतास."