उजव्या कानाजवळची घडी

सोलापूरचे ऊन डोळ्यांआधी कातडीला कळते. सकाळी साडेनऊलाच गॅलरीच्या लोखंडी कठड्यावर हात टेकला, तर तळवा झटकन मागे येतो. म्हणून इथली बाई दुचाकीवर बसण्याआधी डोके, कपाळ, नाक, गळा सुती स्कार्फने असा बांधून घेते की उघडे राहतात ते फक्त डोळे. सिग्नलला थांबलेल्या दहाजणींत आपली मुलगी कोणती, हे आईलासुद्धा गाडीच्या रंगावरूनच ओळखावे लागते.

हा स्कार्फ बांधण्याची एक रीत माझ्या मुलीने माझ्याकडून घेतली. मी कॉलेजात कविता शिकवत असे आणि गाडीवरूनच जात असे, तेव्हाचे फोन बटणांचे होते, काडेपेटीहून थोडे मोठे. स्कार्फचा दुसरा वेढा उजव्या कानावरून नेताना कापड जरा सैल सोडायचे, टोक मात्र मानेमागे घट्ट खोचायचे. कानाजवळ एक खिसा तयार होतो. त्यात फोन सरकवला की तो गालाला चिकटून बसतो आणि दोन्ही हात मोकळे राहतात. गावातल्या कितीतरी बायका असेच करतात. त्या कुठून शिकल्या, मला ठाऊक नाही. माझी मुलगी मात्र आरशासमोर माझ्या बोटांकडे पाहत शिकली. शाबासकी मीच दिली होती.

पुढे तिला सात रस्ता नावाच्या चौकाजवळच्या एका मोबाइलच्या दुकानात नोकरी लागली. दुकान उघडायच्या आधीच गिऱ्हाईक पायरीवर उभे असे, आणि ते रात्रभर फोनवर नव्या फोनच्याच बातम्या वाचून आलेले असे. कोणता कॅमेरा आला, कोणती बॅटरी फुगते, कोणता फोन पाण्यात पडला तरी चालतो, हे सगळे तिला त्यांच्या आधी माहीत असायला हवे. सकाळी तिला वाचायला वेळ नसे. मग ते काम मी घेतले. चहाबरोबर मी वर्तमानपत्रातले तंत्रज्ञानाचे पान वाचून ठेवी, आणि नऊ चाळीसला, ती विजापूर रस्त्याच्या टोकावरच्या आमच्या घरून निघाली की, तिला फोन लावी. सात रस्त्यापर्यंत वीस मिनिटे. तेवढ्या वेळात मी बातम्या वाचून दाखवी आणि ती ऐकत गाडी चालवी.

घरात आम्ही दोघीच. नोकरी लागल्यापासून ती रात्री दमून येई, जेवताना हो-नाहीपुरते बोले. ही वीस मिनिटे तेवढी माझी होती. तिच्या आवाजामागे वारा असे, हॉर्न असत, स्कार्फच्या कापडाची खसखस असे. आणि त्या सगळ्यांतून ती हसे. "आई, तू बॅटरीची बातमी पण कवितेसारखी वाचतेस गं. गिऱ्हाईक रडेल की!" मी मुद्दाम आणखी लांबवून वाची.

भीती मला तेव्हाही होती. पण त्या भीतीची समजूत फोनमधल्या एका नव्या सोयीने घातली होती. मुलीनेच एकदा माझ्या शेजारी बसून तिच्या फोनमध्ये ती चालू केली. "हे बघ. गाडीला जोरात धक्का बसला, तर फोनला आपोआप कळतं. तुला निरोप येणार, नकाशा येणार. गिऱ्हाइकांना मी हेच पहिलं सांगते. आईबाप लगेच घेतात."

"आणि मला निरोप आला की मी काय करायचं?"

"काय करायचं म्हणजे? फोन करायचा."

मी मान डोलावली. माझ्या भीतीला जणू एक पहारेकरी मिळाला होता.

त्या दिवशी, एप्रिलमध्ये, मी एका चष्म्याची बातमी वाचत होते. तो घातला की आलेले निरोप डोळ्यांसमोर हवेत अक्षरे होऊन तरंगतात, हात लावावा लागत नाही, असे त्यात लिहिले होते.

"मग रस्ता कुठे दिसणार?" मी विचारले.

"अक्षरांच्या मागं दिसतो गं. तू पण ना! कवितेतली बाई, अक्षरांच्या मागचं तुला दिसायला—"

वाक्य तिथेच तुटले. एक कोरडा, कठीण आवाज आला, दगडावर खलबत्ता आपटावा तसा. त्यानंतर खरखर, आणि मग काही नाही.

मी लगेच परत फोन लावला. रिंग गेली, संपली. पुन्हा लावला. बोळाच्या तोंडाशी यंत्रमागांचा खटखटाट चालू होता. एरवी तो मला ऐकूही येत नाही, पण त्या क्षणी प्रत्येक ठोका वेगळा ऐकू येऊ लागला. तिसऱ्यांदा बोट टेकवणार तोच निरोप आला. या फोनच्या मालकाला गंभीर अपघात झाल्याची शक्यता आहे, इतकेच. खाली नकाशा, आणि सात रस्त्यावर एक लाल ठिपका.

तो ठिपका हलत नव्हता. तो हलावा म्हणून मी काचेवर बोट दाबून धरले. चहाच्या कपावर साय धरली होती, तिच्यावर एक माशी बसली, उठली, बसली. हे मी का पाहत होते कोण जाणे. मग मी फोन लावत सुटले. रिंग संपली की पुन्हा, संपली की पुन्हा. तिनेच सांगितले होते, फोन करायचा.

सातव्या की आठव्या वेळी तो उचलला गेला. आवाज पुरुषाचा होता, वयस्क.

"हालो. कौन बोलते?"

"माझी मुलगी... तो माझ्या मुलीचा फोन आहे. ती कुठे आहे?"

"रोओ नक्को अम्मा. पोरी सलामत है. मेरे केले के गाडे के बाजू में बैठी है, पानी पी रई." मागे हॉर्नांचा कल्लोळ होता. त्याने आवाज चढवला. "पन अम्मा, एक बात सुनो. अब फोन नक्को करो. फोन रस्ते पे गिरके बजरा था, तो पोरी उसको उठाने बस के सामने गई. मैं खींच्या इसलिए बच गई. कित्ता बजाते तुम!"

मी भिंतीला टेकून खाली बसले. फरशी गार होती. मुलीला फोनवर द्या, असे म्हणायचे मला सुचले नाही.

रिक्षात बसले तेव्हा पायांतल्या चपला दोन वेगवेगळ्या जोड्यांच्या होत्या. रिक्षावाल्याचा फोन हँडलजवळ अडकवलेला होता, आणि पहिल्याच वळणावर तो वाजला. त्याचा हात तिकडे गेला.

"ओ दादा, उचलू नका!" माझा आवाज मलाच परका वाटला.

"बायकोचा हाय, बाई. न्हाय उचलला तर परत परत करती बघा. लई काळजी करती ती."

"करू दे तिला. तुम्ही उचलू नका."

त्याने आरशातून माझ्याकडे पाहिले. फोन वाजत राहिला, थांबला, पुन्हा वाजला. त्या अनोळखी बाईची काळजी अख्खा रस्ता आमच्यासोबत किणकिणत आली, आणि प्रत्येक वेळी मला वाटले, ती मीच आहे.

मुलगी केळ्यांच्या रिकाम्या क्रेटवर बसली होती. कोपराला खरचटले होते, बाकी काही नाही. स्कार्फ सुटून गळ्यात आला होता आणि उजव्या बाजूच्या कापडाला अजून फोनचा चौकोनी आकार होता. पिकलेल्या केळ्यांचा गोड, जड वास तिच्या केसांना लागला होता. मी तिचे तोंड दोन्ही हातांत धरले. गाल तापलेला होता, उजवा अधिक.

"पडलीस का?"

"नाही. तो जड आहे ना गं, मोठा आहे. हसताना मान वाकडी झाली आणि घडीतून निसटला. मी गाडी कडेला घेतली, नीट घेतली."

"मग?"

ती फोनकडे पाहत होती. काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा होत्या. "तो रस्त्याच्या मधोमध पडला होता आणि वाजत होता. लांबून दिसत होतं, आई म्हणून लिहिलेलं. म्हटलं, उचलला नाही तर तू घाबरशील." भेगांवरून बोट फिरवत ती म्हणाली, "मागं बघितलंच नाही मी. बस आली ती दिसलीच नाही."

केळीवाला कापडाने फळांवरची धूळ झटकत होता. त्याने माझ्याकडे पाहिले नाही, आणि मला ते बरे वाटले.

मला वाटले होते, भीती ही आत असते, छातीत, तिचा त्रास आपल्यापुरता. त्या सकाळी माझी भीती माझ्या घरातून निघून सात रस्त्याच्या मधोमध जाऊन पडली होती, आणि माझ्याच नावाने माझ्या मुलीला हाक मारत होती.

त्याच संध्याकाळी मी तिला आरशासमोर उभे केले आणि स्कार्फ नव्याने बांधायला शिकवला. दुसरा वेढा कानावर सपाट, ओढून. घडी नाही. वर हेल्मेट, जे आजवर डिकीत पडून असे. आता डिकीत फोन असतो. माझी बोटे मात्र सवयीने कानाजवळ कापड सैल सोडत, ती माझा हात धरून म्हणे, "आई, पुन्हा."

बातम्या मी नाश्त्याला वाचून दाखवू लागले. ते जमत नाही. ती पोहे खाता खाता फोनवर काहीतरी चाळते, हं हं करते, आणि मीही भराभर उरकते. त्या वाचनात वारा नाही. ती हसत नाही. जे आम्ही गमावले ते आम्हा दोघींना कळते.

नऊ चाळीसला तिची गाडी बोळातून वळते. मग मी माझा फोन स्वयंपाकघरातल्या ज्वारीच्या डब्यात ठेवते, दाण्यांत खोल दाबते आणि झाकण लावते. ठरले आहे ते असे: दुकानात पोचल्यावर, गाडी लावल्यावर, तिने करायचा. मी करायचा नाही. ती वीस मिनिटे मी भांडी लावते, तेच फडके दोनदा पिळते, आणि दूरच्या रस्त्यावरचा प्रत्येक ब्रेक ऐकते. दहाच्या सुमाराला डब्यातून गुणगुण येते, दाणे थरथरतात, आणि माझा श्वास सुटतो.

परवा दहा वाजून गेले. सव्वादहा झाले. डबा गप्प होता. कुठे पंक्चर झाले असेल, दुकानात गर्दी असेल, ती विसरली असेल. मी सगळी कारणे एकामागून एक स्वतःला वाचून दाखवली. मग झाकण काढले. ज्वारीचा कोरडा, पिठूळ वास वर आला. हात मनगटापर्यंत आत घातला. बाहेर उन्हाने भिंती तापल्या होत्या, आत दाणे गार होते. बोटांना फोनची कड लागली.

ती या क्षणी कुठल्यातरी चौकात असेल, आणि डिकीतला आवाज ऐकून मागे वळली तर?

मी तो उचलला नाही. हातही बाहेर काढला नाही. डब्याशी वाकून तशीच उभी राहिले; वाजलाच, तर कानांच्या आधी बोटांना कळेल म्हणून.