पाटोडीच्या पानाची पीडीएफ

आमच्या साडूंइतका चिकित्सक माणूस अख्ख्या वाशिम जिल्ह्यात दुसरा नाही, हे मी, म्हणजे चप्पलसुद्धा बायकोच्या पसंतीने घेणारा माणूस, छातीठोकपणे सांगतो. साडू कारंजात घरी बसून पुण्याच्या कंपनीचं सॉफ्टवेअर लिहितात; पण वडील धान्याचे अडते, ते रक्त कुठे जाणार? हॉटेलात गेले तर आधी भांडी घासायची मोरी पाहून येतात. "वरचा माल कोनीबी चांगलाच मांडते, साडभाऊ. पोत्याच्या बुडातला दाना पाहाव."

सासूबाई गेल्यावर साडूंनी त्यांच्या हातच्या पदार्थांची वेबसाइट केली. सासऱ्यांना मोबाईलवरचं वाचवेना. त्यांनी वर्षश्राद्धाला ती कागदावर मागितली. म्हणजे वेबपानांची पीडीएफ करणं आलं. त्यासाठी लोकांनी लिहून ठेवलेला तयार कोड मिळतो, त्याला लायब्ररी म्हणतात. मी नाव सोपं पाहून पाच मिनिटांत निवडली असती. वर्षश्राद्धाला आठ दिवस उरले होते, त्यातले सहा साडूंनी लायब्रऱ्या पारखण्यात घालवले.

प्रत्येकीपुढे ते सगळ्यांत अवघड पान टाकायचे: पाटोडीची, म्हणजे बेसनाच्या वड्यांची, रस्साभाजी, सासूबाईंचा फोटो आणि खाली प्रतिक्रियांमध्ये तिन्ही लेकींचं भांडण. पहिलीने जोडाक्षरं फोडली. दुसरीने फोटो गिळला. तिसरी मला पसंत होती, साडूंना नाही. "हिच्या मालकानं तीन वर्षांपासून कोनाले जबाब नाही देल्ला. उद्या बिघडली त जाव कोनाकडे?" चौथीने वाटण एका पानावर आणि फोडणी दुसऱ्यावर टाकली. काय बिघडलं, मी म्हणालो.

"बेसनाच्या हातानं पान कोन उलटवीन?"

"तुमी मंधात नका बोलू," आमची बायको मला म्हणाली. "तुमाले चहा तरी करता येते काय?"

शेवटी पाचवी ठरली. पोटात अख्खा ब्राउझर घेऊन चालणारी, जड, संथ. पण पडद्यावर दिसतं तसंच छापणारी. लेकींचं भांडण तरी वगळा, मी सुचवलं. साडू म्हणाले, "राहू द्या. पोरींचं बोलनं आहे थे."

वर्षश्राद्धाची जेवणं झाल्यावर सासरे चष्मा लावून बसले. कृती त्यांनी वाचलीच नाही. आई खोबरं भाजून घ्यायची की कच्चंच, हे भांडण मात्र ओळीवर बोट ठेवून वाचलं. मग पेन मागितला आणि खालच्या कोऱ्या जागेत लिहिलं, 'मीठ नेहमी कमी असे. मी कधी बोललो नाही.'

साडूंनी ते दोनदा वाचलं. वेबसाइटवर चढवता का, मी विचारलं.

"नाही," ते म्हणाले आणि पान परत सासऱ्यांच्या हातात दिलं. "मामाजी, हे तुमच्यापाशीच असू द्या."